डाव्या हाताची ग्रिप

टोळचं म्हणणं एकच होतं, दोष रबराचा आहे.

टोळ म्हणजे वहिनीची नणंद. मातीच्या ट्रॅकवर ती मोटरसायकल अशी काही उडवायची की मैदानावर कुणीतरी तिला हे नाव चिकटवलं आणि पुढे घरातही तेच पडलं. चिडवायचं असलं की वहिनी तिला ‘वन्सं’ म्हणायची, एरवी टोळच. वहिनीचा नवरा, म्हणजे टोळचा धाकटा भाऊ, जहाजावर नोकरीला होता. वर्षातला बराचसा काळ तो पाण्यावरच असायचा, त्यामुळे घरात या दोघीच. वहिनी गाड्यांची सीट कव्हरं शिवायच्या कारखान्यात कामाला होती. जाड रेक्झिन, सुया, दोरा, चिकटवायचं सोल्युशन यांत तिचा सगळा दिवस जायचा. म्हणून हँडलच्या ग्रिप बदलायचं काम आपसूक तिच्या गळ्यात पडलं होतं.

आधीची जोडी कडक होती, टोळने हात दुखतात म्हणून काढायला लावली. मग जाड आणली, तर मूठ नीट मिटत नाही म्हणून तीही नको. मग पुन्हा कडक. आणि आता पुन्हा दुकान.

दुकानदार जुना ओळखीचा. त्याने काउंटरवर पाकिटं फोडून जोड्या मांडल्या. एक पातळ आणि टणक. एक फुगीर, मोठ्या पंजाच्या माणसासाठी. एकीला अर्धी जाळी होती, म्हणजे तळव्याखाली खाचांची जाळी आणि बोटांकडे आडव्या रेघा. टोळने एकेक उचलून अंगठ्याने दाबली. बराच वेळ दाबत राहिली. मग सगळ्या वहिनीकडे सरकवल्या.

“तूच बघ गं. यातली मऊ कुठली?”

वहिनीने अर्ध्या जाळीची बाजूला काढली. ती इतकी मऊ होती की बोट आत रुतत होतं. न कळण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

“मऊ रबर लवकर झिजतं,” दुकानदार म्हणाला.

“झिजू दे.”

“हाताला मुंग्या येतात का?”

“मुंग्या कशाला येतील? तुमच्या ग्रिप दगडासारख्या असतात, त्याला मी काय करू?”

दुकानदाराने वहिनीकडे पाहिलं. वहिनी कपाटातल्या हेल्मेटांकडे बघत राहिली. गेले काही दिवस ती अशीच कुठेकुठे बघत होती. टोळ दुधाचं पातेलं दोन्ही हातांनी उचलायची, तेव्हा ती ओट्याकडे बघायची. टेबलावरची किल्ली टोळला चिमटीत यायची नाही, कडेपर्यंत सरकवून ती खाली दुसऱ्या हाताच्या तळव्यावर पाडून घ्यायची, तेव्हा वहिनी खिडकीबाहेर बघायची. दिवसभर गाडी हाणल्यावर हात बधिर होणारच, असं तिने स्वतःला समजावून टाकलं होतं. शिवाय टोळला कुणी असं विचारलेलं खपायचं नाही. आठवडाभर घरात तोंड पाडून बसायची.

त्याच संध्याकाळी वहिनी मागच्या शेडमध्ये कामाला बसली. टोळ अंघोळीला गेली होती. उजवी बाजू आधी घेतली. ब्लेडने जुनी ग्रिप उभी चिरली, साल सोलावी तशी काढली आणि खालचं वाळलेलं सोल्युशन पेट्रोलच्या फडक्याने पुसून घेतलं. उजव्या ग्रिपचं भोक जरा मोठं असतं, कारण ती नुसत्या दांड्यावर नाही, रेस द्यायच्या नळीवर बसते. आत सोल्युशन फिरवून तिने ती पिळत पिळत एका दमात ढकलली. वरच्या खाचांत बारीक तार गुंडाळली, पकडीने पिळली आणि टोक तळव्याला लागणार नाही असं खाली दाबून टाकलं. मग रेस पिळून सोडली. नळी टपकन जागेवर आली. काम चोख झालं होतं.

डावीने मात्र दगा दिला. अर्ध्यावर गेली आणि सोल्युशनने धरलं. वहिनीने स्क्रू ड्रायव्हर आत घालून ती सोडवायचा प्रयत्न केला, तर मऊ रबर टराटरा फाटलं. आता काय करणार? दुकान बंद झालेलं. दांड्याचं उघडं टोक कुणाच्या तरी पोटात घुसायचं, म्हणून तिने खोक्यातली एक जुनी कडक ग्रिप काढली आणि कोरडीच वर सरकवली. सोल्युशन नाही, तार नाही. टोळ गाडी काढणार होती रविवारी. तोवर उद्या नवीन जोडी आणायची आणि बसवायची, असा तिचा हिशोब. टोळ अंघोळ करून आली तशीच जाऊन आडवी झाली. सकाळी सांगू, म्हणून वहिनीने तिला उठवलं नाही.

सकाळी शेड उघडी होती आणि गाडी जागेवर नव्हती.

मैदानावरचा टोळचा दोस्त, टेम्पोवाला, पहाटे येऊन तिला गाडीसकट घेऊन गेला होता, असं शेजारणीने सांगितलं. टोळचा फोन वाजत राहिला. तो कुठल्यातरी पिशवीच्या तळाशी असणार. वहिनीने कारखान्याला दांडी मारली, मिळेल त्या गाडीने मैदान गाठलं आणि धावत कुंपणापाशी पोचली.

टोळ हवेत होती. मोठ्या उंचवट्यावरून उडून ती पलीकडे उतरली, मागचं चाक जरा घसरलं, सावरलं आणि ती वळणात दिसेनाशी झाली. वहिनीने हात हलवले, ओरडली. इंजिनांच्या त्या कल्लोळात कोण ऐकतंय? हँडल ओढलं आणि रबर हातात आलं तर काय होतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. टोळ दर वेळी वळणामागून बाहेर येईपर्यंत ती कुंपण धरून उभी राहायची.

शेवटी टोळ बाहेर आली. हेल्मेट काढलं तेव्हा चेहरा मातीने माखलेला, पण असा खुललेला की वहिनीने तो कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

“तू इथे कशी? बरं, ऐक. ग्रिप काय झकास आहेत गं. लोणी धरल्यासारखं वाटतंय. तुला सांगत होते ना मी, रबराचाच दोष होता.”

“दोन्हीकडे?” वहिनीने विचारलं.

“दोन्हीकडे. अगदी सारखं.”

वहिनीने डावी ग्रिप धरली आणि पिळली. ती दांड्यावर गरगर फिरली.

टोळ बघत राहिली. मग तिने स्वतः हात ठेवला. हातमोजा काढला, पुन्हा ठेवला. मनगट वळवलं. ग्रिप फिरते आहे की नाही, हे तिला वाकून डोळ्यांनी पाहावं लागलं.

“ही कधी सुटली?”

“सुटली नाही. मी चिकटवलीच नव्हती. नवी फाटली माझ्याकडून. ही तुझी जुनी आहे, कडक म्हणून तूच काढायला लावलेली.”

“मग मी पडले कशी नाही?”

“मला काय माहीत, टोळ.”

टेम्पोवाला लांबून विचारत होता, अजून एक फेरी मारणार का. टोळने नाही म्हणून मान हलवली. ती टेम्पोच्या फळीवर जाऊन बसली आणि अंगठ्याचं नख एकेका बोटाच्या टोकात रुतवून पाहू लागली. आधी बघत बघत, मग डोळे मिटून. वहिनी तिच्या शेजारी बसली. तिचा हात धरावासा वाटत होता. पण धरला तर तिला कळेल का, हा विचार मनात आला आणि तिने तो धरलाच नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी टाचणी टोचून पाहिलं, कापूस फिरवून पाहिला, दंडाला वायरी लावून झटके दिले. मग शांतपणे सांगितलं, की इंजिनाच्या कंपनाने बोटांच्या नसा गेल्या आहेत. हे एका दिवसाचं नाही, वर्षांचं आहे. गाडी आजपासून बंद. बोटांतली जाणीव थोडीफार परत येईल, कदाचित येणारही नाही.

टोळने एवढंच विचारलं, “खूप जाड ग्रिप लावल्या तर?”

बाईंना प्रश्न समजला नाही. वहिनीने समजावून सांगितला. बाई नाही म्हणाल्या.

त्यानंतर टोळ वहिनीशी कामापुरतंच बोलू लागली. जेवायला वाढलं की जेवायची, हाक मारली की ओ द्यायची. वहिनीला वाटायचं, हिच्याकडून काहीतरी हिसकावून घेतलं गेलंय आणि ते माझ्या हातून गेलं, एवढंच हिला दिसतंय. जहाजावरून नवऱ्याचा फोन आला. तो म्हणाला, “तू तिला थांबवलंस ते फार बरं केलंस.”

“मी कुठे थांबवलं?” वहिनी म्हणाली.

मैदानाच्या लोकांनी टोळला झेंडा दाखवायचं काम देऊ केलं. दोन रविवार ती गेली. तिसऱ्या रविवारी उठलीच नाही आणि वहिनीनेही कारण विचारलं नाही.

गाडीला गिऱ्हाईक मिळालं, एक धिप्पाड पोरगी, गवंड्याची मुलगी. गाडी द्यायच्या आधी वहिनीने फुगीर ग्रिपची नवी जोडी आणली आणि दोन्ही बाजू नीट बसवल्या. टोळ शेडच्या दारात उभी होती. वहिनीने सवयीने विचारलं, “बघतेस का, घट्ट बसलीय का?”

“मला काय विचारतेस?” टोळ म्हणाली. “तूच फिरवून बघ.”

वहिनीने पिळून पाहिलं. दोन्ही घट्ट होत्या.

गाडी गेल्यावर शेडच्या फरशीवर तेलाचा काळा डाग तेवढा राहिला. वहिनीने तो साबणाने घासला, पण निघाला नाही. टोळ मागे पायरीवर बसून होती. ती म्हणाली, “त्या दिवशी तू मैदानावर आली नसतीस तरी चाललं असतं.”

“पडली असतीस.”

“हो,” टोळ म्हणाली.

ते ‘हो’ ती अशा आवाजात म्हणाली की वहिनीने घासणं थांबवलं. पण वळून बघायचा तिला धीर झाला नाही. थोड्या वेळाने टोळ उठून आत गेली. वहिनीने बादली ओतली, हात पुसले आणि कारखान्यात जायला उशीर झाला होता म्हणून ती निघाली.