पायथ्याची तापलेली जमीन

त्या हिवाळ्यात मंसूरेचा, माझ्या धाकट्या बहिणीचा, तेहरानहून फोन आला. आधी मुलांची विचारपूस, मग पिस्त्याच्या झाडांची, मग तिनं आवाज खाली आणला.

"दादा, कुणाला सांगू नकोस. उपग्रहाच्या चित्रांत आपल्या डोंगराच्या पायथ्याशी लाल डाग दिसतोय. तिथली जमीन तापलीये. या दिवसांत एवढी तापत नाही. मोठ्या भूकंपाआधी कधी कधी असं दिसलंय."

"आणि एरवी?"

"एरवी काहीच होत नाही. बहुतेक वेळा नाहीच होत. पण बाबांना काही दिवस बाहेर झोपव."

मागच्या भूकंपात आमची आई छपराखाली गाडली गेली. त्यानंतरच मंसूरे हे भूकंपाचं शास्त्र शिकायला गेली होती. तिचं बोलणं कानाआड करणं मला जमणार नव्हतं, आणि शेजारच्या इशरतखानमला न सांगणं माझ्या बायकोला. संध्याकाळपर्यंत सगळं गाव बागांमधून तंबू ठोकत होतं.

बाबा तेवढे उंबऱ्यावर बसून. म्हणाले, "तुझ्या बहिणीला आभाळातून जमीन तापलेली दिसते, तर माझे पाय गार पडलेत तेही दिसत असेल की." पण पोरीचा शब्द म्हणून उठले.

बागेत पाटाचं पाणी गोठत होतं. बाबांची छाती भरली. घरात चला म्हटलं, तर विचारायचे, "तिनं जा म्हटलंय का?" फोन केला, तर मंसूरे म्हणाली, डाग अजून आहे. शेवटी त्यांना केरमानच्या दवाखान्यात नेलं. तिथून परत आणलं ते दफनालाच.

जमीन हललीच नाही.

तिसऱ्या दिवशी फातिहाच्या प्रार्थनेला गाव लोटलं. मंसूरे खजुराचं ताट मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसली होती. तिला कुणी बोल लावला नाही, आणि तेच तिला सोसवत नव्हतं.

इशरतखानम तिच्याजवळ सरकली. "पोरी, आता आम्ही घरात जावं का?"

"डाग गेलाय, खानम. कोरड्या वाऱ्यानं आला असेल बहुतेक."

"म्हणजे जाऊ?"

"ते मला नाही सांगता येत."

"बाहेर झोपा हे सांगता आलं ना?" इशरतखानमच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

मंसूरे उठली. तंबूतली बाबांची गादी ओढत घरात नेली, त्यांच्या खोलीत अंथरली आणि भरदुपारी छपराकडे तोंड करून आडवी झाली. बायका दारातून बघत राहिल्या. मग एकेकीनं आपापली पांघरुणं उचलली.

ती परत गेली. काम तेच करते. डागांचा विषय मी काढत नाही, तीही काढत नाही. परवा तिनं सहज विचारलं, तिकडे थंडी कितपत आहे.

मी नकळत छपराकडे पाहिलं. का विचारतेस, असं विचारायचं धाडस झालं नाही.

"आहे नेहमीसारखीच," मी म्हणालो.