टाइपरायटर थांबला तेव्हा

मी बोलतोय तो एका न्यायालयातला टाइपरायटर. घाबरट आहे, आधीच सांगून ठेवतो. लोखंडाचा असलो म्हणून काय झाले? माणसे जिथे थरथरत उभी राहतात तिथे जन्म काढला, की लोखंडालाही धडकी भरते.

कारखान्यातून मी थेट न्यायाधीशांच्या समोरच्या टेबलावर आलो. आमचे अभिलेख न्यायालय. म्हणजे इथे जे घडते ते शब्दन्शब्द नोंदवून कायमचे जपायचे, आणि न्यायालयाचा अवमान झाला तर शिक्षाही इथेच द्यायची. प्रत्येक निकालाची पहिली ओळ ठरलेली: ‘लोकांच्या नावाने.’ ती उमटवताना मला उगाच भारदस्त वाटायचे. माझा खडखडाट मात्र भलताच मोठा. वकील वैतागायचे. टायपिस्टबाई तेल घालून घालून थकल्या, पण मी काही सुधारलो नाही.

एके दुपारी शिपायाने एका शिवणकाम करणाऱ्या बाईला आत आणले. ती न्यायाधीशांची शेजारीण. तिच्या शिलाई मशीनने साहेबांची झोपमोड होते आणि त्यावरून दोघांचे वाजलेय, हे सगळ्यांना ठाऊक होते.

“हे टाइप करू नका,” न्यायाधीश म्हणाले. टायपिस्टबाईंची बोटे माझ्यावरच गोठली.

“साहेब, माझ्यावर खटला कसला?” तिने विचारले.

“कोर्टाचा अवमान.”

“अहो, मी तर आत्ता पाऊल टाकलं इथं! तक्रार कुणी केली?”

“उलट बोलतेस? दोन दिवस कोठडी.”

“घरी सासूबाई अंथरुणाला खिळल्यात हो. त्यांना पाणी कोण देणार?”

साहेबांनी शिपायाला खूण केली. तिला ओढतच नेले. मी गार पडलो. कागद कोरा, म्हणजे हे घडलेच नाही असे ठरणार, या भीतीने मला घेरले.

सासूबाई वाचल्या. तहानेने अर्धमेल्या सापडल्या, आणि तेव्हापासून सुनेला दाराला कडी लावू देत नाहीत. सुनेने थेट न्यायाधीशांवरच दावा लावला.

वरच्या न्यायालयाचे तीन न्यायाधीश आमच्याच दालनात येऊन बसले. साहेबांचे वकील म्हणाले, “न्यायदान करताना जे केलं, त्याबद्दल न्यायाधीशावर दावा लावता येत नाही. नाहीतर हरलेला प्रत्येक जण त्याला कोर्टात खेचेल.” यात खोटे काही नव्हते. पण पुढे ते म्हणाले, की हुकूम रीतसर टाइप झाला होता, कागद टायपिस्टबाईंनी हरवला.

बाई पांढऱ्याफटक पडल्या. नोकरी जाणार, वर खोटारडी म्हणून शिक्का बसणार. त्यांनी खरे तेच सांगितले, पण आवाज इतका कापत होता की मलाच त्या खोट्या वाटू लागल्या.

तेवढ्यात मागच्या बाकावरचे एक आजोबा उठले. घरी पंखा नाही म्हणून रोज इथे येऊन डुलक्या काढणारे.

“त्या दुपारी हे टाइपचं मशीन बंद होतं,” ते म्हणाले. “त्यामुळेच तर मी जागा झालो. एरवी त्याच्या खडखडाटात छान झोप लागते.”

लोक हसले. मग बाकांवरून एकेक जण उठून तेच सांगू लागला.

“तक्रार नाही, खटला नाही, नोंद नाही,” तिघांतल्या वडीलधाऱ्या न्यायाधीशबाई म्हणाल्या. “म्हणजे त्या दुपारी खुर्चीवर न्यायालय नव्हतं, एक चिडलेला शेजारी होता. लोकांनी संरक्षण दिलंय ते न्यायदानाला. शेजाऱ्याच्या रागाला नाही.”

माग राहू नये म्हणून साहेबांनी मला थांबवले, आणि तेच त्यांच्या अंगाशी आले. भरपाई द्यावी लागली, खुर्चीही सुटली.

आता मी अडगळीच्या खोलीत आहे. माझ्या जागी आवाज टिपणारे एक इवलेसे यंत्र आलेय. चालू असले तरी गप्प, बंद केले तरी गप्प. बटण न्यायाधीशांच्या हाताशी. बाकही हल्ली रिकामे असतात म्हणे. भिंतीपलीकडून कधी कोणाचे रडणे कानी येते, आणि ते टिपले जातेय की नाही हे मला कळत नाही. फार भीती वाटते.

ज्यांच्या नावाने तिथे निकाल लागतात ते तुम्हीच ना? मग जरा येऊन बसा त्या मागच्या बाकावर. डुलकी लागली तरी हरकत नाही. फक्त मध्येच मोठ्याने विचारत जा, “चालू आहे ना हो ते?”