ओळीतल्या तिघी

मुकादमीण ती कधीच नव्हती. सगळी हयात द्राक्षबागेत तोडणी करण्यात गेली. पण जीभ अशी की खरा मुकादमही तिच्यासमोर दबकून असायचा. म्हणून बायकांनी नाव ठेवलं, ते चिकटलंच. लेक दातांची डॉक्टर झाली तेव्हा या बाईला आभाळ ठेंगणं झालं.

नव्या दवाखान्याच्या भिंतीसाठी लेकीने एक चित्र मागवलं. ते गुंडाळून आलं त्या नळकांड्यावर छापलं होतं, 'उत्तर-दृक्प्रत्ययवादी चित्रकाराचे द्राक्षमळ्याचे निसर्गचित्र, उत्तम प्रत'. पहिल्याच शब्दाला मुकादमिणीची बोबडी वळली. तिने तो नाद सोडला आणि चित्र टेबलावर पसरलं. वर पिवळंधमक आभाळ, खाली जांभळ्या-तांबड्या ओळी. जवळून पाहावं तर नुसते फराटे, जरा मागे सरलं की अख्खी बाग. आणि अगदी खालच्या काठाला तीन बायका. दोघी वाकलेल्या, तिसरी कमरेवर हात ठेवून पाठ सरळ करणारी.

"अगं, ही तर मी!" मुकादमीण ओरडली. "ओळ संपली की अश्शीच उभी राहायचे."

"आई, चित्र शंभर वर्षांपेक्षा जुनं आहे."

"असू दे. पाठ माझीच आहे."

संध्याकाळी तिने तोडणीतल्या दोन मैत्रिणींना गाठलं. एकीला सगळे रेडिओ म्हणत, कारण ती बंद पडत नसे. दुसरी सावली, सदा रेडिओच्या मागे. "मोठ्या चित्रकाराने काढलेल्या आपण तिघी दवाखान्यात लागणार आहोत. उद्घाटनाला या," मुकादमीण म्हणाली. रेडिओच्या कानावर गेलं म्हटल्यावर आणखी कोणाला सांगायची गरजच उरली नाही.

दोघी ठेवणीतले कपडे घालून आल्या. मुकादमिणीने त्यांना हाताला धरून थेट भिंतीपाशी नेलं. सोनेरी फ्रेम, आत रुंद पांढरा पुठ्ठा. आभाळ होतं, बाग होती. बायका नव्हत्या.

रेडिओ पहिल्यांदाच बंद पडली. सावली हळूच म्हणाली, "आपण कुठे आहोत गं?"

मुकादमिणीने चित्राचा खालचा काठ पुन्हा निरखला. मैत्रिणींसमोर तोंडघशी पडलो हे होतंच, पण त्याहून वाईट शंका आली. पोरीला आपली लाज वाटली का? वाकलेल्या बायका भिंतीवर नकोत, असं तर नाही? लेकीला शिकवणारे सर आणि इतर डॉक्टर तिथेच सरबत पीत उभे होते. एरवी भर बाजारात भांडणाऱ्या बाईने लेकीच्या दिवसापायी आवाज खाली आणला.

"बायका कुठे गेल्या?"

"अगं, फ्रेम लहान पडली," लेक सहज म्हणाली. "फ्रेमवाल्याने विचारलं, पुठ्ठ्याखाली काय घालू, आभाळ की खालचा काठ? म्हटलं, आभाळ राहू द्या, छान दिसतंय."

"आभाळ खिडकीबाहेर फुकट आहे. तू डॉक्टर झालीस ती या ओळीच्या जिवावर. आभाळातून नाही पडलीस."

लेकीचा चेहरा उतरला. तिने आईच्या मैत्रिणींच्या ठेवणीतल्या कपड्यांकडे पाहिलं आणि तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने चित्र उतरवलं, पेशंटच्या खुर्चीवर पालथं घातलं, वरचा दिवा लावला आणि दात उपटायच्या चिमट्याने मागचे खिळे काढायला घेतले.

"पहिला पेशंट गुणी दिसतोय. हूं की चूं नाही," सर म्हणाले.

तिने चित्र पुठ्ठ्यामागून वर सरकवलं, चिकटवलं आणि खिळे परत ठोकले.

भिंतीवर आता आभाळाची जेमतेम पट्टी उरली होती, पण तिघी पार पावलांपर्यंत दिसत होत्या. रेडिओ सुरू झाली ती थांबायचं नाव घेईना.

सर चष्मा सावरत पुढे आले. "सुंदर! कोणाचं आहे हे?"

चित्रकाराचं नाव लेकीला पाठ होतं.

"आमचं," ती म्हणाली आणि काचेवर बोट ठेवलं. "कमरेवर हात ठेवून उभी आहे ना, ती माझी आई. या दोघी तिच्या ओळीतल्या."

मुकादमिणीने तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत, कमरेवर हात ठेवला आणि पाठ सरळ केली.