कपाटातला सहावा पॅनल

मी सोलर पॅनल बोलतोय, आणि आयुष्याची पहिली दहा वर्षं मी कपाटात काढली आहेत. हसू नका. आधी सगळं ऐकून घ्या, मग हसायचं की नाही ते तुम्हीच ठरवा.

आम्ही सहा भाऊ एकाच दिवशी, एकाच यंत्रातून बाहेर पडलो. आमच्या काचेच्या आतून एक नवा लेप दिला होता. तो मोठ्या सरांनी शोधलेला. मोठे सर म्हणजे आमच्या सौरऊर्जा संशोधन संस्थेचे प्रमुख. या लेपामुळे पॅनलमध्ये ओल शिरणार नाही आणि तो पंचवीस वर्षं टिकेल, असं ते छातीठोकपणे सांगायचे. ते खरं की खोटं हे पाहण्याचं काम बाईंकडे आलं.

बाई तेव्हा सरांच्याच हाताखाली पीएचडी संपवून नोकरीला लागल्या होत्या. "तुझ्याइतकं चिवट माणूस माझ्याकडे दुसरं नाही," असं म्हणून सरांनी आम्हा सहा जणांना त्यांच्या गळ्यात बांधलं. बाईंना तो मान वाटला.

पाच भाऊ गच्चीवर गेले. मला काळ्या कापडात गुंडाळून प्रयोगशाळेच्या कपाटात उभं केलं आणि वर चिठ्ठी चिकटवली: 'तुलनेचा पॅनल. उन्हात नेऊ नये. हलवण्याआधी मला विचारावे.' खाली बाईंची सही.

वर्षातून एकदा आम्हा सहाही जणांना एका मोठ्या दिव्याखाली ठेवून कोण किती वीज देतो ते मोजायचे. पण दिवाही वर्षागणिक म्हातारा होतो. भावांची वीज कमी भरली, तर दोष कोणाचा, भावांचा की दिव्याचा? हे ठरवायला एक न झिजलेला लागतो. तो मी. मी होतो तसाच राहिलो, तरच भावांचं झिजणं खरं धरायचं. बाई हे नव्या विद्यार्थ्यांना कपाटासमोर उभं राहून समजावायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "हा बिघडला की सगळं संपलं. मग कितीही मोजा, त्याला अर्थ नाही."

मला हे कौतुक कधी गोड लागलं नाही. गच्चीवरून खाली आणलेले भाऊ उन्हाने तापलेले असायचे आणि मी थंडगार. मी मनातल्या मनात बाईंच्या नावाने बोटं मोडायचो.

बाईंचं तरी काय चांगलं चाललं होतं? बरोबरीचे लोक वर्षाला दोन-दोन निबंध छापायचे, परिषदांना जायचे, बढत्या घ्यायचे. बाईंच्या हाती वर्षाकाठी सहा आकडे.

"काय मॅडम, यंदा गच्चीवर पीक कसं आहे?" शेजारच्या प्रयोगशाळेतले एक गृहस्थ दरवर्षी विचारायचे.

"धूळ बक्कळ आलीय, पोतंभर नेता का?" बाई म्हणायच्या.

एकदा त्यांना न्यायला त्यांचा नवरा आला होता. तो म्हणाला, "तुझ्यानंतर लागलेले आता तुला हुकूम सोडतात. तू काय ही तावदानं पुसत बसणार जन्मभर?" बाईंनी मला कापडात गुंडाळलं, कपाटाला कुलूप लावलं आणि त्याच्यामागून गेल्या.

दहाव्या वर्षी मात्र भाऊ एकदम कोसळले. नऊ वर्षं जेमतेम झिजलेले पाचही जण अकरा टक्क्यांनी खाली आले. त्यांच्या कडेने बोटभर रुंदीची तपकिरी पट्टी उमटली होती. ओल शिरली होती. बाईंनी तीनदा मोजलं. माझा आकडा जागचा हलला नव्हता, म्हणजे दिवा ठीक होता.

सर आले, आकडे पाहिले. "एका वर्षाच्या मापावरून काय ठरतं गं?"

"काहीच नाही, सर. पण पुढच्या वर्षी हेच आलं तर लिहावं लागेल. तोवर लेप बाजारात जाऊ देऊ नका."

"कारखाना उभा राहिलाय, ठाऊक आहे ना तुला?"

"म्हणूनच म्हणतेय."

सर 'बघू' म्हणाले आणि गेले.

पुढच्या मापाला दोन महिने उरले असताना बाईंच्या आईच्या मणक्याचं ऑपरेशन निघालं. बाई सहा आठवड्यांच्या रजेवर गेल्या. दुसऱ्याच आठवड्यात सर वायरमनला घेऊन आले. कपाटाची दुसरी किल्ली त्यांच्याकडे होती.

"पाहुणे यायचेत. फाटकावरच्या पाटीला एक पॅनल लावायचाय. हा घ्या, चकचकीत आहे."

वायरमनने चिठ्ठी वाचली. "सर, मॅडमनी लिहिलंय, हलवू नका म्हणून."

"मला वाचता येतं," सर म्हणाले. त्यांनी चिठ्ठी स्वतःच्या नखाने खरवडून काढली, घडी घातली आणि खिशात टाकली. हे मी पाहिलं. वायरमननेही पाहिलं.

आणि आता खोटं कशाला बोलू? फाटकावर पहिलं ऊन अंगावर आलं तेव्हा मी सगळं विसरलो. बाई विसरलो, भाऊ विसरलो. मला बसवताना एकाने माझ्यावर गुडघा टेकला आणि माझ्या आत बारीक तडे गेले, तेही मला त्या भरात जाणवलं नाही. त्या आनंदाची मला आजही लाज वाटते.

बाई परत आल्या त्या दिवशी माझ्याखालूनच आत गेल्या. थोड्या वेळाने धावत बाहेर आल्या, स्वतः शिडी लावली, माझ्या चौकटीवरचा क्रमांक वाचला. मग शिडीच्या पायरीवर बसून रडल्या. येणारे-जाणारे पाहत होते.

"चुकून झालं गं," सर म्हणाले. "मला कळलं असतं तर नेऊ दिला असता का?"

"वर चिठ्ठी होती, सर."

"कुठली चिठ्ठी?"

बाईंनी वायरमनकडे पाहिलं. तो वायरचं भेंडोळं सोडवत बसला. त्यालाही घर होतं, पण मी त्याला माफ केलेलं नाही.

माझं माप घेतलं, तर मी सहा टक्क्यांनी खाली. लेपाला मंजुरी देणाऱ्या समितीपुढे सरांनी शांतपणे सांगितलं की कपाटातलाही घसरलाय, तेव्हा दोष लेपाचा नव्हे, दिव्याचा. बाई तड्यांबद्दल जीव तोडून बोलल्या. समितीने विचारलं, गेल्या वर्षीचं एकच माप पुरत नाही, आणि यंदा तुलनेचा पॅनलच शाबूत नसेल तर तुमचं म्हणणं कशाच्या आधारावर मानायचं? हा नियम बाईंचाच होता, त्यांनीच तो दहा वर्षं शिकवला होता.

अहवालावर त्यांनी सही केली नाही. तो त्यांच्याशिवाय निघाला, आणि शेवटच्या पानावर 'मोजमापास साहाय्य केल्याबद्दल' त्यांचे आभार मानले. माझे पाच भाऊ भंगारात गेले. बाई आता सहलीला आलेल्या शाळकरी पोरांना सोलर पॅनल म्हणजे काय ते समजावतात. संध्याकाळी माझ्याखालून घरी जातात. वर बघत नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही.

मी इथेच आहे. संस्थेच्या पाटीवर मोठ्या सरांचं नाव आहे, ते माझ्या विजेवर उजळतं. अजून खूप वर्षं उजळत राहील, कारण तेवढ्यापुरता मी धडधाकट आहे.

तो लेप आता घराघरावर, शाळांवर, दवाखान्यांवर पोचलाय. कदाचित तुमच्याही छपरावर असेल. म्हणून एकच विनवणी करतो. दहावं वर्ष लागलं की शिडी लावून वर चढा आणि पॅनलच्या कडा नीट पाहा. तिथे बोटभर तपकिरी पट्टी दिसली, तर कंपनीशी भांडण नंतर करा. आधी बाईंचा पत्ता शोधून काढा. तोवर त्या निवृत्त झालेल्या असतील, कदाचित थकलेल्याही असतील, आणि पॅनलचं नाव काढलं तर दार लावून घेतील. तरी बाहेर उभं राहून त्यांना ऐकू जाईल असं सांगा, की त्यांचं माप बरोबर होतं.