कुंभारणीचं घर

शर्वरीच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. जुलैपासून ते माझ्या टेबलावर पेपरवेटखाली पडून होतं आणि सकाळचा चहा ठेवताना माझी बायको मधुमती रोज त्याची चौकशी करायची.

"काय म्हणतंय पत्र? तब्येत बरी आहे ना त्याची?"

"लिहितोय," मी म्हणायचो.

"लिहा, लिहा. जन्मभर बँकेत लोकांना 'उद्या या' सांगितलंत. सवय जाईल कशी!"

शर्वरी इथे लखनौतच, छावणीच्या पलीकडे राहते. आमच्या निशातगंजहून रिक्षानं जाता येतं, तरी तिनं मुद्दाम पोस्टानं पाठवलं होतं. 'काका, फोनवर तुम्ही बरं बरं म्हणून ठेवून देता, म्हणून लिहिते,' अशी सुरुवात होती. अक्षर शाळकरी मुलीसारखं. तिचं मराठी घरात बोलण्यापुरतंच. लिहायला कुणी शिकवलंच नव्हतं. दिल्लीतल्या एका मोठ्या प्रदर्शनासाठी तिचं शिल्प निवडलं गेलं होतं. चाळिशी उलटल्यावर, पहिल्यांदाच. प्रत्येक शिल्पकाराबद्दल एकेक पान छापणार होते. 'हिंदीत लिहिणारे इथे खूप आहेत. मला माझं पान मराठीत पाहिजे. बाबांना वाचता आलं असतं असं. लिहाल का?' सहीशेजारी मातीचा अंगठा उमटला होता.

मी बसलो नाही असं नाही. शिल्पकलेवरची पुस्तकं काढली, खुणा घातल्या, सहा पानं लिहिली. वाचून पाहिलं तर प्रत्येक वाक्य दुसऱ्या कुणाचं तरी होतं. फाडून टाकली. मी पुस्तकं वाचतो म्हणून लोकांना वाटतं मला काही कळतं. मला तसं कधी वाटलेलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटी मधुमतीनं थालीपिठांचा डबा माझ्या हातात दिला. "आज तिचं शिल्प भट्टीला जातंय. पोर सकाळपासून उपाशी असेल. डबा द्या आणि 'लिहीत नाही' असं तोंडावर सांगून या. तेवढं तरी करा."

शर्वरीच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. तिथे पोहोचलो तेव्हा दारात टेम्पो उभा होता. चिनहटचे इश्तियाक भाई, ज्यांच्या भट्टीत तिची सगळी कामं भाजली जातात, दोन माणसांकडून टेम्पोत पेंढा पसरून घेत होते. शिल्प मी पहिल्यांदाच पाहत होतो. अर्जुनाच्या झाडाचं फळ. रस्त्यावर पडतं तेव्हा अंगठ्याएवढं असतं, पाच धारांचं, आपण तुडवून जातो. हिनं ते छातीएवढं उंच केलं होतं. माती खणखणीत वाळलेली. दोन धारांमधल्या खोल खाचेत शर्वरी मोबाइलचा उजेड पाडून बघत होती.

"भैया, अभी हाथ मत लगाना," ती म्हणाली. मग मला पाहून, "काका, इकडे या. हे बघा."

खाचेत, हात जेमतेम पोहोचेल अशा जागी, सुपारीएवढी मातीची तीन मडकी चिकटली होती. तिन्हींची तोंडं लिंपून बंद.

"कुंभारीण," मी म्हणालो. "कुंभारीण माशी. आत अंडं घालते, अळ्यांची शिदोरी ठेवते आणि तोंड बुजवून निघून जाते."

"म्हणजे आत्ता आत कुणीतरी आहे."

"असणार."

"बाहेर कधी येतं?"

"तीन आठवडे, महिना... पुस्तकात असंच काहीतरी होतं. माझ्यावर फार विसंबू नकोस."

इश्तियाक भाई पुढे आले. खाचेत डोकावले. "बिटिया, ततैया है. चाकू से छुड़ा दें?"

"फुटेल ते, भाई. एवढं पातळ आहे."

"तो फूट जाए! दिल्ली वाले इंतज़ार करेंगे, कि ततैया?"

पुढच्या आठवड्यात शिल्प दिल्लीला पोहोचायला हवं होतं. त्याआधी भाजून, थंड होऊन निघायचं तर ते आजच भट्टीत जायला हवं होतं. शर्वरीनं दिल्लीला फोन लावला. पलीकडची बाई मोठ्यानं बोलत होती, आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होतं. महिनाभर थांबणं शक्य नाही. मॅडम, आप सोच लीजिए, लिस्ट में और भी लोग हैं.

शर्वरीनं फोन ठेवला आणि पालथ्या बादलीवर बसली. मला वाटलं ती रडणार. पण ती चिडली होती.

"सगळ्या लखनौत हिला माझीच माती सापडली? नळाजवळ एवढी भिंत आहे, तिथे बांध ना, यार!"

कोपऱ्यात तिची काळी लोखंडी ट्रंक होती. तिच्या वडिलांचं, माझ्या जुन्या मित्राचं, सुभेदार आत्मारामांचं नाव झाकणावर पांढऱ्या रंगात अजून वाचता येत होतं. आत काय आहे ते मला माहीत होतं. दर बदलीला मुलांना एकेक ट्रंक मिळायची. भावाच्या ट्रंकेत बॅट आणि गाड्या, हिच्यात राणीखेतची पाइनची फळं, जबलपूरच्या शेंगा, अंबाल्याच्या बिया. आत्माराम हसून सांगायचे, "फौजीची पोर, आणि सामानात कचरा!"

शर्वरी त्या ट्रंकेकडेच बघत होती.

"काका, ऑर्डर आली की आई गॅसवरचं भांडं तसंच उतरवायची. अर्धं शिजलेलं. मी विचारायची, जेवून जाऊ या ना? बाबा म्हणायचे, हुकूम आहे." ती उठली, हात पुसले. "मला नाही कुणाला हुकूम द्यायचा. इश्तियाक भाई, टेम्पो वापस ले जाइए. किराया मैं दूँगी."

"अरे, किराया गया चूल्हे में! बिटिया, पहली दफ़ा दिल्ली ने बुलाया है!"

"हाँ. मालूम है."

टेम्पो गेल्यावर तिनं डबा उघडला आणि तीन थालीपिठं उभ्या उभ्या खाल्ली. पानाबद्दल तिनं विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. आता ते पान छापलं जाणारच नव्हतं. माझी सुटका झाली होती, आणि रिक्षात बसल्यावर मला स्वतःची लाज वाटली.

त्यानंतर मी अधूनमधून जाऊ लागलो. काही ना काही निमित्त काढून. मधुमती म्हणायची, "भाजी आणायला सांगितली तर गुडघा दुखतो. माशीच्या बाळंतपणाला बरे धावता!"

तिथे करण्यासारखं काही नसे. शर्वरी शाळेत चित्रकला शिकवून आली की दुसऱ्या कामाला बसायची, मी स्टुलावर. बोलणं फारसं होत नसे. मी तिचे हात बघायचो. बोट ओलं करून ती मातीवरून फिरवायची, थांबायची, अर्जुनाचं खरं फळ उचलून त्याची धार ओठांना लावून बघायची, पुन्हा मातीकडे वळायची. हे माझ्या एकाही पुस्तकात नव्हतं.

दिल्लीचं प्रदर्शन सुरू झालं. त्या दिवशी ती शाळेतून आली ती सरळ कामाला बसली, आणि मी चहा जास्त प्यायलो.

दिवाळीच्या जरा आधी फोन आला. "काका, लवकर या!" तिन्ही मडक्यांना एकेक गोल भोक पडलं होतं. पेन्सिल घालून पाडावं इतकं नीट. आत कुणी नव्हतं.

भट्टी उघडली तेव्हा मी चिनहटला हजर होतो. राख झाडली. शिल्प तांबडं, तापलेल्या विटेसारखं. आणि खाचेतली तिन्ही मडकी जागच्या जागी, पण काळपट तपकिरी. कुंभारणीनं माती नळाजवळच्या गटारातून आणली असणार.

शर्वरीनं खाचेत वाकून ते दोन रंग पाहिले. मग म्हणाली, "माझ्यापेक्षा हिचं बरं जमलंय."

इश्तियाक भाईंनी ते शिल्प परत नेऊच दिलं नाही. 'थोडे दिन रहने दो' म्हणत दुकानासमोर ठेवून घेतलं. आता चहाचे कुल्हड घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला ते हात धरून खाचेपाशी नेतात आणि सांगतात, "ज़रा झुक के देखिए हुज़ूर. इतना काम दूसरे कारीगर का है." लोक वाकतात. मी पाहिलंय. शाळेच्या बसमधून उतरलेली मुलं तर रांग लावतात.

परवा मी टेबलाशी बसलो. एकही पुस्तक काढलं नाही. शर्वरीच्या ओल्या बोटाबद्दल लिहिलं, ओठांना लावलेल्या धारेबद्दल, ट्रंकेबद्दल, परत गेलेल्या टेम्पोबद्दल. आत्मारामांना वाचता आलं असतं असं. एक पान झालं.

मधुमती चहा घेऊन आली. पेपरवेटखाली काहीच नव्हतं.

"आता कोण छापणार ते?"

"कुणी नाही."

तिनं पान हातात घेतलं, उभ्यानंच वाचलं. पाकीट तिनंच शोधून आणलं.

निशातगंजच्या पोस्टाबाहेर लाल पेटी आहे. पाकीट पुन्हा उघडून एकदा वाचावं, असं फार वाटलं. 'कारीगर' शब्द मराठीत चालेल का, अशी शंकाही आली. हात पेटीच्या तोंडात तसाच राहिला. मागे एक पोरगी स्कूटी थांबवून उभी होती. "अंकल, डाल दीजिए ना, मुझे भी डालना है."

मी सोडलं. तळाला आपटल्याचा आवाज आला नाही. आत आणखी कुणाकुणाची पत्रं असावीत.