डिस्कची कुरकुर

त्या संध्याकाळी आमच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारीपाजारी सोफ्याच्या हातांवर आणि खिडकीच्या कट्ट्यावर बसले होते. जिन्यात आणखी काहीजण आपापले कॉम्प्युटर पोटाशी धरून रांगेत उभे. सगळ्यांच्या नजरा आमच्या जुनाट कॉम्प्युटरकडे. पडद्यावर लाल चौकोन निळे होत होते आणि सरकत सरकत ओळीत बसत होते.

"बाई गं, कसे शहाण्यासारखे बसतायत!" समोरच्या काकू गहिवरून म्हणाल्या.

"शांतता!" कुणीतरी दरडावलं. तो दरडावणारा गृहस्थ म्हणजे मी. मी विज्ञानशिक्षक. व्यासपीठावर रिकाम्या हातातून अंगठी काढून दाखवतो आणि मग ती कुठे लपवली होती तेही दाखवतो. बुवाबाजीवरची माझी भाषणं प्रसिद्ध आहेत, निदान लांबीसाठी तरी.

आणि रखडणारे कॉम्प्युटर बरे करणाऱ्या या यंत्रवैद्याला शोधून आणणाराही मीच. डोळे मिटून, कॉम्प्युटरच्या डोक्यावर तळहात ठेवून तो बोलत होता. "सर, मशीन म्हातारं नाही झालेलं. त्याचं मन विखुरलंय. एकेका फाइलचे तुकडे दाही दिशांना पडलेत. आधी जडपणा काढला, आता लहरी जुळवतोय. तो पंखा बंद करा, वाऱ्याने लहरी ढळतात."

हेच कुणी माणसाच्या मनाबद्दल बोललं असतं तर मी त्याला तिथेच सोलून काढलं असतं. पण 'फाइल' म्हटल्यावर मला ते विज्ञान वाटलं. मी मुकाट्याने उठून पंखा बंद केला.

तो कॉम्प्युटर भंगारात गेला नव्हता तो सासूबाईंमुळे. त्या गेल्या वर्षी गेल्या. त्याआधी लेकीच्या हट्टापायी त्यांनी आपल्या लहानपणच्या गोष्टी त्यात बोलून ठेवल्या होत्या; रेकॉर्डिंग सुरू करायचं काम माझ्याकडे होतं. बायको अधूनमधून त्याच्या शेजारी बसून आईचा आवाज ऐकायची.

तेवढ्यात ती कामावरून आली. ती दवाखान्यात लोकांचे कान तपासते. गर्दीतून वाट काढत पुढे आली आणि मान तिरकी करून उभी राहिली.

"अहो, याची कुरकुर कुठे गेली?"

"शांती लाभली त्याला. जडपणा काढून हलकं केलं, आता फाइलींचे तुकडे जुळवतोय," वैद्य म्हणाला.

"एक फाइल उघडायची तर ही डिस्क जात्यासारखी घरघरते. आता सगळ्या फाइली इकडच्या तिकडे करतेय म्हणता, आणि चिडीचूप?"

मी तिला गप्प राहायची खूण केली. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कॉम्प्युटरच्या मागे हात घालून तिने एक पेनड्राइव्ह उपसला. चौकोन जागच्या जागी थिजले.

"मॅडम, त्यात लहरी होत्या!"

"त्यात व्हिडिओ होता," ती म्हणाली. "मग मशीन हलकं कशाने झालं?"

वैद्याने घाम पुसला. "डिस्क गळ्यापर्यंत भरली होती. जागा नसली की मशीन रखडतंच. मोठ्या फाइली काढल्या, बस."

"कुठल्या?"

त्याने माझ्याकडे बघितलं. 'जड असेल ते सगळं काढा,' असं मीच मोठ्या रुबाबात सांगितलं होतं. तिने आईच्या आवाजाचा फोल्डर उघडला. रिकामा. कचरापेटीही रिकामी.

ती मटकन स्टुलावर बसली. "काय काढतोय ते बघितलंही नाहीत तुम्ही?"

"मी लोकांना गप्प करत होतो," मी म्हणालो. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

मग एकदाचं डोकं चालायला लागलं. पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही. डिस्क फक्त तिचा पत्ता खोडते आणि त्या जागेवर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत ती तिथेच पडून असते. मी झेप घेऊन प्लग उपटला. काकू दचकून किंचाळल्या.

"खऱ्या डिफ्रॅगला, म्हणजे हे तुकडे जुळवायला, तासन्‌तास लागतात, सर," वैद्य पुटपुटला. "तेवढा वेळ कोण बघत बसतं?" जिन्यातली रांग एव्हाना आपापले कॉम्प्युटर घेऊन खाली निघाली होती.

पुसलेल्या फाइली परत मिळवून देणाऱ्या बाईंकडे आम्ही डिस्क नेली. त्या तपासून म्हणाल्या, "याने खरंच डिफ्रॅग केलं असतं, तर विखुरलेले तुकडे जवळ आणताना तेच या पुसलेल्या जागांवर येऊन बसले असते. मग काहीच हाती लागलं नसतं. नशीब समजा, माणूस खोटारडा निघाला."

आता भाषणात मी अंगठीआधी ही गोष्ट सांगतो. चमत्कार कॉम्प्युटरचा असला तरी 'कसं?' हे विचारा. काय पुसलं जातंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. जे पुन्हा मिळणार नाही त्याची प्रत आधी काढून ठेवा. आणि विचारणाऱ्याला गप्प बसवणारा कुणी दिसला तर सावध व्हा, मग तो मी का असेना.

परत आलेली पहिली फाइल आम्ही दोघांनी शेजारी बसून ऐकली. डिस्क मनसोक्त कुरकुरली, आणि मग गोष्ट सुरू करण्याआधी सासूबाई खाकरल्या.

"जावईबापू, सुरू आहे ना हे? नुसतं हो म्हणू नका. बघा आधी."