नऊ रुपयांची होडी

शेवटचा बोल्ट आवळून झाला तेव्हा युसुफच्या तळहातावर अजून चार बोल्ट उरले होते. त्याने ते एकदा मोजले, पुन्हा मोजले आणि गुपचूप सदऱ्याच्या खिशात टाकले.

"झालं. बस आता," तो म्हणाला.

"ते चार कुठले होते?" बुधाने विचारलं.

"जादाचे. विलायती मालात देतातच."

जव्हारच्या बाजारपेठेत कंदील, सायकली आणि दरबारच्या दोन मोटारी दुरुस्त करण्यात युसुफची हयात गेली होती. लोखंडाची वस्तू आपल्यापुढे हार मानते यावर त्याचा पक्का विश्वास होता, आणि आज दुपारपर्यंत तो खोटा ठरला नव्हता.

पडवीत, शेळी बांधतात त्या जागेजवळ, ते यंत्र पसरलं होतं. माणसाच्या उंचीचे दोन सागवानी रूळ, त्यांवर चार छोट्या चाकांची बैठक. दोन्ही बाजूंना मुठीचे लोखंडी दांडे आणि त्यांच्या बुडाशी सायकलच्या पंपासारखी पितळी नळकांडी. शिवाय चामडी पट्टे मारलेली एक तिरपी फळी होती, आणि सगळं घोडं तिथेच अडलं होतं. होडी वल्हवायचं यंत्र आहे एवढं दोघांना माहीत होतं. पण जव्हारच्या नद्या दगडांवरून उड्या मारत जाणाऱ्या, त्यांत होडी घालायचा वेडेपणा कोण करणार? दोघांनीही जन्मात वल्हं हातात धरलं नव्हतं. तेव्हा त्यांनी अक्कल लढवली. बैलगाडी हाकणारा पुढे बघतो, मोटार चालवणारा पुढे बघतो, घोड्यावरचा तर बघतोच बघतो. म्हणजे होडीवालाही पुढेच बघणार आणि दांडे पुढे ढकलणार. मग फळी उरली ती पाठ टेकायला, आणि पट्टे अर्थातच कमरेला.

बुधा बसला. युसुफने त्याच्या कमरेला पट्टा आवळला. बुधाने देवाचं नाव घेऊन दांडे पुढे रेटले. दांडे जागचे हलले नाहीत, बैठक मात्र सुसाट मागे गेली आणि फळीची कड नेमकी त्याच्या डाव्या खांद्यावर बसली. त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

तेवढ्यात आतल्या दारामागून आवाज आला.

"बुंदे, पाठ टेकायला ती काय पालखी हाय गं?"

युसुफने दचकून शेळीकडे पाहिलं. बुंदी निवांत पाला चघळत होती.

"सासूबाई," बुधा दात आवळून म्हणाला. "शेळीशी बोलतात."

बुधाच्या जातकुळीत सासू जावयाशी बोलत नसे. समोर आली तर पदर नाकापर्यंत, काही सांगायचंच असेल तर लेकीच्या तोंडून, आणि लेक घरात नसेल तर भिंतीला, चुलीला नाहीतर शेळीला उद्देशून. त्यातून या सासूची, रामीची, गोष्ट आणखी नाजूक. ती दरबारच्या पाहुण्यांच्या बंगल्यावर बारा महिने मागच्या दाराने जाऊन झाडलोट करायची. संस्थान विलीन झालं, पाहुणे यायचे थांबले, बंगल्याला कुलूप लागलं आणि तिला लेकीच्या दारी यावं लागलं. जावयाच्या घरचा घास तिच्या घशाखाली उतरत नव्हता. ती सगळ्यांच्या शेवटी जेवायची, अर्धी भाकर खाऊन उठायची, आणि बोलायची ती बुंदीशीच.

बुधाचंही काही बरं चाललेलं नव्हतं. संस्थानच्या पोलिसात तो नऊ वर्षं शिपाई होता. आता सगळ्या शिपायांना मुंबई सरकारात घ्यायचं ठरलं होतं, पण तपासणीत उतरतील त्यांनाच. होळीनंतरच्या सोमवारी ठाण्याला डॉक्टरपुढे उभं राहायचं होतं. जमादाराने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की बंदूक दोन्ही हातांनी डोक्यावर धरायला लावतात आणि साठ आकडे मोजतात. बुधाचा डावा हात कानाच्या वर जात नव्हता. दोन वर्षांपूर्वी साग चोरणाऱ्यांमागे धावताना तो कड्यावरून घसरला होता, वैदूने खांदा बसवला होता, तो तसाच बसला. हात वर गेला नाही तर गणवेश उतरवायचा आणि जंगलात ठेकेदाराच्या कोळशाच्या भट्टीवर जायचं. गावाकडची, दाभोशाची जमीन भावांनाच पुरत नव्हती. बायकोला, काशीला, त्याने हे एकदाच सांगितलं होतं. तिने नुसती मान हलवली आणि त्या दिवशी भाकऱ्या करपवल्या.

अशा वेळी बंगल्यातल्या सामानाचा लिलाव पुकारला गेला. गालिचे, आरसे, खुर्च्या हातोहात गेल्या. सुटं करून गोणपाटावर टाकलेल्या त्या यंत्राला कुणी हात लावेना, कारण त्यात भूत होतं.

भुताची गोष्ट बुधाने स्वतः कानांनी ऐकली होती. बंगल्याच्या फाटकावर त्याचा पहारा असायचा. एके वर्षी एक गोरा पाहुणा हात झोळीत बांधून आला, महिनाभर आतून त्या यंत्राचा आवाज येत राहिला, आणि जाताना त्याच हाताने त्याने आपली ट्रंक मोटारीत चढवली. पुढे तो साहेब लढाईत मेला म्हणून खबर आली. त्यानंतर दर पावसाळ्यात, घाट बंद, बंगला रिकामा, फाटकावर इरलं पांघरलेला एकटा शिपाई, आणि भर दुपारी आतून तोच आवाज. खर्रर्र, फुस्स. खर्रर्र, फुस्स. दोन लांब, मग एक अर्ध्यातच तुटलेला, जणू कुणी कानोसा घ्यायला थांबलं. आत जाऊन बघायची छाती कुणाचीच झाली नाही. शिपाई फाटकाच्या खांबावर साहेबासाठी एक विडी ठेवायचे. संध्याकाळपर्यंत विडी गायब. साहेबाला आपल्याकडची विडी आवडते याचा सगळ्या चौकीला अभिमान होता.

बुधाच्या मनात मात्र भुतापेक्षा ट्रंक उचलणारा तो हात राहिला होता. त्याने नऊ रुपयांची बोली लावली. वर कुणी गेलं नाही.

तीन दिवस बुधा हट्टाने ढकलत राहिला. पट्टा कमरेला, फळी पाठीला. खांदा सुजला. यंत्रातून बैल ओरडावा तसा आवाज यायचा आणि हा आवाज तो नव्हे, हे त्याचं त्यालाच कळत होतं. दारामागून शेळीला रोज काही ना काही ऐकवलं जाई.

"बुंदे, पायातली वाहाण कुणी कमरेला बांधतं का गं?"

चौथ्या दिवशी सकाळी त्याला सदरा चढवायलाही जमेना. काशी बाही ओढून देत होती.

"तुझ्या आईला काय ठाऊक त्यातलं?" तो करवादला.

"बारा वरसं तीच पुसत होती ते," काशी म्हणाली. "दर महिन्याला सुटं करून तेल द्यायची नि परत जोडायची. तुम्ही कधी इचारलं?"

त्याला मनापासून लाज वाटली. युसुफला विचारलं, जमादाराला विचारलं, नाशिकला जाऊन आलेल्या शिंप्यालासुद्धा विचारलं. घरात बसलेल्या बाईला विचारावं हे मनाला शिवलंही नव्हतं. झाडूवालीला यंत्रातलं काय कळणार, असंच आपण धरून चाललो, हे त्याच्या लक्षात आलं.

तो पडवीत आला. दारामागे पदराची सळसळ झाली. बुधा शेळीसमोर उकिडवा बसला, घसा खाकरला.

"बुंदे, फळी कुठं लावायची ते विचार तुझ्या मालकिणीला."

आत काकणं वाजली. मग दारामागून आवाज आला. आज त्यात टोमणा नव्हता.

"बुंदे, फळी पायाची हाय. पट्टे पावलांना. बैठकीच्या समोर लाव म्हणावं, आन तोंड फळीकडं. होडीवाला जाईल तिकडं पाठ करून बसतो. दांडं ढकलायचं नाय, वढायचं. नि ते चार बोल्ट फळीचेच हायेत, त्या मिस्तऱ्याच्या खिशातनं काढ आधी."

युसुफ आला, बोल्ट घेऊन आला आणि खाली मान घालून आला. दारामागून हुकूम सुटत होते, शेळी ऐकत होती, दोघे पुरुष राबत होते. कुठला बोल्ट कुठल्या भोकात, कुठली चकती आधी, नळकांड्यात तेल किती, बाईला सगळं तोंडपाठ. मध्येच युसुफ हळूच म्हणाला, "अरे भाई, ही तुझी शेळी माझ्या दुकानात बसव. धंदा दुप्पट होईल."

शेवटचा बोल्ट बसला तेव्हा त्याचा तळहात रिकामा होता. बुधाने पावलं पट्ट्यांत घातली, मुठी धरल्या आणि ओढल्या. बैठक अलगद मागे गेली.

खर्रर्र, फुस्स.

बुधाच्या अंगावर काटा आला. तोच आवाज.

पुढचे पाच आठवडे त्या घरात हाच आवाज वाजत होता. पहाटे शंभर, संध्याकाळी शंभर. रामी दारामागे सूप घेऊन बसायची आणि प्रत्येक ओढीला एक वालाचा दाणा सुपात टाकायची. बुधा सत्तरीला थकून "झाले शंभर" म्हणाला की आतून दाणे खळखळायचे, "बुंदे, मला काय बहिरी समजलीस का?" खांदे कानाशी न्यायचे नाहीत. वढताना दम सोडायचा. डावा हात मागं राहतो, उजव्याला घाई करू देऊ नको. शेळीला इतकं शिक्षण मिळालं की तपासणीला तीच गेली असती तरी उतरली असती. आणि एक बदल काशीच्याच लक्षात आला. तिची आई आता दोन भाकऱ्या खात होती.

आठवड्याआठवड्याने बुधाचा हात बोटभर वर सरकत होता. कानापर्यंत, कानाच्या वर, मग एका सकाळी पडवीच्या आढ्याला लागला. तो तसाच आढ्याला हात लावून उभा राहिला. काशी पाण्याची कळशी घेऊन दारात आली, ती तिथेच थबकली. दारामागे सूप खाली पडल्याचा आवाज झाला आणि वाल घरभर पांगले.

ठाण्याला अठ्ठावीस जण रांगेत उभे होते. डॉक्टर उन्हाने वैतागलेला होता. बुधाच्या हातात बंदूक आली. त्याने ती डोक्यावर धरली. मदतनिसाने मोजायला सुरुवात केली. वीसला खांद्यात कळ आली, चाळीसला हात थरथरू लागला. बुधाने आकड्यांकडे लक्षच दिलं नाही. त्याला सुपात पडणारे दाणे ऐकू येत होते, एकामागून एक, आणि तिथे लबाडी चालत नव्हती. "बस, खाली," डॉक्टर म्हणाला तेव्हा साठ होऊन वर आठ झाले होते. मदतनीस मोजता मोजता पुढे गेला होता.

डॉक्टरने डावा खांदा दाबून पाहिला. "हा मोडला होता ना?"

"होय साहेब."

"कुणाचं औषध?"

"घरच्यांचं," बुधा म्हणाला.

कागदावर शिक्का उमटला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सर्व्हिस मोटारीतून उतरून तो घराकडे निघाला. रस्त्यात भेटेल त्या ओळखीच्या माणसाकडे बघून तो नुसता हसत सुटला. अंगणाशी पोचला आणि थांबला.

बुंदी बाहेर, चिंचेच्या बुंध्याला बांधलेली होती. पडवीच्या कुडामागून आवाज येत होता.

खर्रर्र, फुस्स. खर्रर्र, फुस्स. दोन लांब, मग एक अर्ध्यातच तुटलेला. पुन्हा दोन लांब.

बुधा उन्हात उभा राहिला. इरल्यावर पडणारा पाऊस, फाटक, खांबावरची विडी, सगळं त्याला एकदम आठवलं. इतकी सफाई पाच आठवड्यांत येत नाही, हे आता त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्याला मोठ्याने हसू येणार होतं, ते त्याने महत्प्रयासाने आवरलं. तो आत डोकावला नाही. रीत ती रीत.

त्याने खिशातून ठाण्याला घेतलेला विड्यांचा कट्टा काढला, एक विडी सोडवली आणि पडवीच्या खांबाजवळच्या कोनाड्यात ठेवली. मग शेळीकडे वळला.

"बुंदे, आत सांग, पास झालो. सोमवारपासून नोकरी सुरू."

आवाज थांबला. कुडापलीकडे नाक ओढल्याचं ऐकू आलं. थोड्या वेळाने एक सुरकुतलेला, काकण भरलेला हात खांबाआडून बाहेर आला, कोनाडा चाचपला आणि विडी घेऊन आत गेला. काडी ओढल्याचा आवाज झाला.

"बुंदे," आतून आलं, "ठाण्याची दिसते. फाटकावरची बरी असायची."

बुधा चिंचेखाली बसला आणि त्याने पायातल्या वाहाणा काढल्या. आत बैठक पुन्हा सरकू लागली. एक लांब. दुसरा लांब.

तिसराही लांब.